नदीचे मूळ आणि माणसाचे कूळ

(बालाघाटावरील एका गावी, ऊसतोडीस निघण्याच्या तयारीत असलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण कोणाच्या सोयीची, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. मूळ शोधल्याने काय बिघडते? आपली मांजराच घ्या. ती पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. तेथे ती ओढ्यासारखी आहे, तीच पुढे धनेगावाजवळ धरण भरते, पुढे गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरात जाते. मूळ पाहिले म्हणून मांजरेची थोरवी कमी झाली नाही. उलट पाणी येते कोठून आणि अडवावे कोठे, हे आपल्याला कळले. कुळाचेही तसेच आहे. ज्याला आपल्या कुळात काही लपवायचे असेल त्याने शोध टाळावा. कष्ट करून खाणाऱ्या माणसाला कसली भीती?

म्हणून आज आम्ही एकूण मनुष्यजातीचे कूळ शोधणार आहोत. हा शोध आपल्याला बालाघाटावरून थेट समुद्रापर्यंत नेईल. तुम्ही म्हणाल, येथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहता पाहता डोळे शिणतात आणि ही मंडळी आम्हांला समुद्राच्या गोष्टी सांगतात! पण जरा धीर धरा. समुद्र आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. तो आपल्या घामात आहे, रक्तात आहे, आणि आईच्या पोटात आहे.

आजवर सांगितलेले उत्तर

माणूस कोठून आला, या प्रश्नाचे एक तयार उत्तर या देशात हजारो वर्षे सांगितले गेले. एका विराट पुरुषाच्या मुखातून एक वर्ण झाला, बाहूंतून दुसरा, मांड्यांतून तिसरा आणि पायांतून चौथा. या उत्तरात माणसाच्या जन्माचा खुलासा कमी आणि कोणी बसून खावे व कोणी राबावे याचा हुकूम जास्त. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहून या उत्तराची साधी उलटतपासणी केली. ब्रह्मदेवाच्या मुखातून लेकरू जन्मले म्हणता, तर गर्भ कोठे राहिला, बाळंतपण कसे झाले, असे घरातल्या म्हातारीला सुचतील तेच प्रश्न त्यांनी विचारले. मासा, कासव, डुक्कर या अवतारांच्या कथाही त्यांनी त्याच कसोटीवर घासल्या.

त्याच सुमारास इंग्लंडात चार्ल्स डार्विन या गृहस्थाने हा प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडविला. त्याचा मुख्य ग्रंथ १८५९ साली निघाला व मनुष्याच्या उत्पत्तीवरचा १८७१ साली. त्याने कोणताही मंत्र आधारास घेतला नाही. कबुतरे पाळणारे, बैलांची पैदास करणारे, बागवान आणि शेतकरी यांच्याकडे तो शिकावयास गेला.

आता ही गोष्ट तुमच्याच धंद्यातली आहे. आपल्या भागातला लाल कंधारी बैल पाहा, किंवा उस्मानाबादी शेळी पाहा. या जाती आकाशातून पडल्या काय? कोणता वळू ठेवायचा आणि कोणता नाही, कोणत्या शेळीचे करडू वाढवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आज्या-पणज्यांनी ठरविले. खळ्यावर ज्वारीचे टपोरे कणीस निवडून बियाण्याला बाजूला ठेवणारी बाई हेच काम करीत असते. लेकरे आईबापासारखी असतात, पण अगदी हुबेहूब नसतात. त्या थोड्याशा फरकातून निवड होत जाते, आणि पुष्कळ पिढ्यांनी जातच बदलते. डार्विनचे म्हणणे इतकेच, की हीच निवड सृष्टीत माणसावाचूनही चालू असते. दुष्काळ पडला की जे जनावर कमी पाण्यावर तगते त्याचा वंश वाढतो. तेथे निवडणारा कोणी बसलेला नसतो. दुष्काळच निवडतो. दुष्काळ काय निवडतो आणि काय मोडतो, हे बीड जिल्ह्याला शिकवावे लागत नाही.

काळाचे माप

येथे मोठी अडचण येते ती काळाची. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. कोटी म्हटले की आपल्याला फक्त पुढाऱ्याची मालमत्ता समजते, वर्षे समजत नाहीत. म्हणून एक युक्ती करू. अंबाजोगाईपासून मुंबईचा समुद्र साधारण साडेचारशे किलोमीटर आहे. समजा, एका किलोमीटरला एक कोटी वर्षे. पृथ्वीचा जन्म झाला तेव्हा आपण मुंबईच्या किनाऱ्यावरून पायी निघालो आणि आज या क्षणी अंबाजोगाईला घराच्या उंबरठ्यावर पोहोचलो.

पहिले शंभरेक किलोमीटर वाटेत सजीव म्हणून जवळजवळ काही भेटत नाही. पुढे पाण्यात सूक्ष्म जीव दिसू लागतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसू नयेत. त्यानंतर शेकडो किलोमीटर चालले तरी सारा संसार पाण्यातच. घर पन्नासेक किलोमीटरवर येते तेव्हा समुद्रात पहिले मासे आहेत. पाठीचा कणा असलेला प्राणी जमिनीवर पाय टेकतो तेव्हा आपण घरापासून अवघे सदतीस किलोमीटरांवर आहोत. साडेसहा किलोमीटर उरतात तेव्हा जमिनीच्या भेगांतून तप्त रस उसळतो आणि थरावर थर साचून आपला हा काळा खडक, हा बालाघाट, तयार होतो. चिंपांझी वानराची आणि आपली वाट वेगळी होते ती घरापासून साधारण सहा-सातशे मीटरांवर. आपल्यासारखा माणूस आफ्रिकेत दिसू लागतो तो तीस मीटरांवर, म्हणजे अंगणाच्या जरा बाहेर. शेती सुरू झाली ती उंबरठ्यापासून जेमतेम एका मीटरावर.

आता हिशेब करा. सजीवांच्या साडेतीनशे किलोमीटरांच्या वाटेपैकी तीनशे किलोमीटर आपले पूर्वज पाण्यात होते. ज्या घरात एखाद्या कुटुंबाच्या इतक्या पिढ्या गेल्या त्या घराच्या खुणा त्या कुटुंबाच्या अंगावर राहणारच.

पुराव्याची गोष्ट

कोणी म्हणेल, हे तुम्ही पाहिले काय? प्रश्न रास्त आहे. बांधाच्या भांडणात आपण काय करतो? शंभर वर्षांपूर्वी बांध घालताना आपण हजर नव्हतो. तरी जुना दगड, जुने झाड, मोजणीचा नकाशा आणि आजूबाजूचे साक्षीदार यांवरून निवाडा होतो. तसाच निवाडा येथे करावयाचा.

पहिला साक्षीदार पुष्कळांच्या देवघरातच बसला आहे. शाळिग्राम! तो नेपाळात काळी गंडकी नदीच्या पात्रात मिळतो. तो फुटला की आत चक्रासारखी वळणे दिसतात. ती विष्णूची चक्रे म्हणून पुजली गेली. वस्तुतः तो एका समुद्रप्राण्याचा शंख आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला तो प्राणी गाळात दबून दगड झाला. आता समुद्रातला प्राणी हिमालयाच्या नदीत कसा आला? कारण आज जेथे हिमालय आहे तेथे पूर्वी समुद्र होता. भारताची भूमी सरकत उत्तरेस जाऊन आशियाच्या भूमीवर आदळली आणि त्या समुद्राचा तळ दुमडून डोंगर झाला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकातही समुद्रजीवांचे अवशेष मिळतात. शाळिग्रामाची ज्याला पूजा करावयाची त्याने करावी, पण तो बोलतो काय, हेही एकदा ऐकावे.

हे ऐकून कोणी बालाघाटात शंखशिंपले शोधण्यास कुदळ घेऊन जाऊ नये! आपला खडक समुद्राच्या गाळाचा नव्हे, ज्वालामुखीच्या रसाचा आहे. रानात पांढरे चुनखडे सापडतात तेही समुद्रातून आलेले नसून जमिनीतल्या पाण्याने जमविलेले आहेत. जेथे जे आहे तेथे तेच म्हणावे, ही सत्यशोधनाची पहिली अट आहे.

दुसरा साक्षीदार कॅनडाच्या उत्तरेस बर्फाळ एल्समीअर बेटावर सापडला. नील शुबिन व त्यांचे सहकारी यांनी आधी तर्क बांधला, की माशांनी जमिनीची वाट धरली ती अमुक काळात, तेव्हा त्या काळच्या उथळ प्रवाहांचा गाळ जेथे दगड होऊन उघडा पडला असेल तेथे मधला दुवा मिळावा. त्याप्रमाणे अनेक वर्षे खोदत गेल्यावर २००४ साली तो मिळाला. त्याला तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले ‘टिक्टालिक’ असे नाव दिले. वय सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षे. त्याला माशासारखे खवले आणि पर आहेत. पण मान हलणारी आहे, डोके चपटे आहे, आणि पराच्या आत खांदा, कोपर आणि मनगट यांच्या जोडीची हाडे आहेत. लक्षात घ्या, हा खोल समुद्रातला मासा नव्हे, उथळ ओढ्यातला. समुद्रातून जमिनीकडची वाट अशी नदीनाल्यांच्या चिखलातून आली. विहीर खणण्याआधी पाणाड्याने सांगितलेल्या जागी पाणी लागले तर आपण त्याला मानतो. येथे तर शास्त्रज्ञांनी जागा आणि खोली दोन्ही आधी सांगून मग खोदले.

तिसरा साक्षीदार तुमच्या हातात आहे. दंडाला एक हाड, पुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडे, मग पाच बोटे. हीच मांडणी बेडकात, सरड्यात, वटवाघळाच्या पंखात आणि देवमाशाच्या परातही आहे. नवे घर बांधणारा प्रत्येक घराला तोच पाया कशाला घालील? जुन्याच घराची डागडुजी करीत गेल्याची ही खूण आहे.

चौथा साक्षीदार गळ्यात आहे. आवाज काढणाऱ्या स्वरयंत्राला मेंदूकडून एक नस येते. ती सरळ गळ्यात यावी की नाही? पण डावीकडची नस खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. माशाला मान नसते. त्याच्यात ही वाट सरळ आणि जवळची होती. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकले, पण नसेने आपली जुनी वाट सोडली नाही. रानाचे तुकडे बदलले तरी पाट मात्र आज्याच्या वेळचाच वळसा घेऊन जातो, असे आपण पाहतोच. जिराफात तर हा वळसा कित्येक हात लांब आहे.

मिठाचा दाखला

आता समुद्राशी आपले नाते सर्वांना चाखून पाहता येईल असे सांगतो. घाम खारट, अश्रू खारट, रक्त खारट. दवाखान्यात सलाईन लावतात त्यात एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या नसांतून समुद्रच जसाच्या तसा वाहतो असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे. समुद्राचे पाणी पिऊन माणूस जगत नाही. पण सजीव पेशी खाऱ्या पाण्यात जन्मल्या, आणि जमिनीवर येतानाही आपल्याभोवतीचे खारे पाणी त्यांनी सोडले नाही, कातडीच्या पिशवीत भरून बरोबर आणले. म्हणून मीठ गेले की आपण कोसळतो.

गळ्याजवळच्या थायरॉईड ग्रंथीची गोष्ट अशीच. समुद्रातले क्षुद्र प्राणी अन्न धरण्यासाठी घशाच्या तळाची जी खाच वापरतात, तिचेच रूपांतर होत होत आपल्यात ही ग्रंथी झाली. तिला आयोडीन हवे. समुद्रात ते भरपूर, पठारावरच्या मातीत व पाण्यात पुष्कळ ठिकाणी तोकडे. साऱ्या जन्मात चमचाभर पुरे, पण ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. न मिळाल्यास गलगंड होतो, आणि गरोदर बाईला न मिळाल्यास लेकराच्या बुद्धीची वाढ खुंटते. म्हणून दुकानात पुडी घेताना आयोडीनचे मीठ मागून घ्यावे. समुद्र सोडून कोट्यवधी वर्षे झाली तरी त्याचे देणे आपल्याला रोज घ्यावे लागते.

हे देणे बालाघाटावर कोण आणीत होते? आपल्यातल्याच लमाण आणि वंजारी बांधवांचे वाडवडील. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे घाटाखालच्या मिठागरांतून मीठ वर आणीत आणि धान्य खाली नेत. आगगाडी आली तेव्हा हा धंदा मोडला. पुस्तकांत राजांची नावे राहिली. ज्यांनी मुलखाला मीठ पोचविले त्यांची राहिली नाहीत.

त्याहीपूर्वीचा दाखला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेथून गाड्या भरून कापड बंदराकडे जाई, आणि किनाऱ्याकडचा मालही तेथे येई. तेरच्या मातीत समुद्री शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. आता पैठण आणि तेर यांच्या मध्ये कोणता मुलूख आहे ते तुम्हीच सांगा! बीडच्या मातीने समुद्र पाहिला नाही, पण समुद्राचा माल या बाजूने गेला.

आईच्या पोटातला समुद्र

आता जे बोलावयाचे आहे ते बायांनी आणि त्यांच्याहून अधिक बाप्यांनी नीट ऐकावे.

जमिनीवर आलेल्या प्राण्यांना सर्वांत मोठी अडचण पडली ती लेकरांची. बेडूक अजूनही अंडी पाण्यातच घालतो. पाण्यावाचून गर्भ वाळतो. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी काही प्राण्यांत यावर तोड निघाली. गर्भाभोवती पातळ पडद्याची पिशवी आणि तीत पाणी. सरड्याच्या आणि कोंबडीच्या अंड्यात ती पिशवी कवचाच्या आत असते. मनुष्याच्या बाईत ती गर्भाशयात असते. बाळंतपणात ‘पाणी गेले’ म्हणतात ते हेच किंचित खारट पाणी. त्या पाण्यात पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गर्भाच्या गळ्याशी घड्या उमटतात. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांचेच जबडा, कानातली हाडे आणि स्वरयंत्र होते. म्हणजे प्रत्येक लेकरू, ते कोणत्याही जातीचे असो, नऊ महिने पाण्यात राहूनच जमिनीवर येते.

पुरुषसूक्तात मुख आहे, बाहू आहेत, मांड्या आहेत, पाय आहेत. आईचे गर्भाशय मात्र नाही.

आणि या आपल्या जिल्ह्यात त्या गर्भाशयाचे काय झाले? २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला तेव्हा सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली निघाली. दर सहा बायांत एक! त्यांत पुष्कळ बाया चाळिशीच्या आतल्या. कारणे तुम्हांला ठाऊक आहेत. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली. एक दिवस पाळीमुळे वा दुखण्यामुळे काम चुकले की खाडा. फडाशेजारच्या कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, धुण्याला स्वच्छ पाणी नाही. मग अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे सुरू होते. दवाखान्यात जावे तर ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारे भेटतात. औषधाने बरे होणाऱ्या दुखण्यापायी अवयवच काढला जातो. बरोबर अंडाशयेही काढली तर पाळी अकाली जाऊन हाडे ठिसूळ होतात, आणि मग कंबर धरून तीच बाई पुन्हा मोळी उचलते.

विज्ञान हा पोट भरलेल्यांचा शौक आहे असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही हे आकडे दाखवितो. आपल्या शरीराचे ज्ञान ज्याच्याकडे नाही त्याच्या शरीराचा दुसरा कोणीतरी व्यापार करतो. सबब, कोणी पिशवी काढावयास सांगितले तर घाई करू नये. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, तपासणीचा कागद मागावा, काढण्याचे कारण लिहून मागावे. गर्भाशय काढण्याची खरोखर गरज असणारी दुखणी आहेत, नाही असे नव्हे. पण खाडा चुकविणे ही त्यांतली नव्हे.

फडात उन्हात राबताना मिठाचा धडा विसरू नये. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे मरू लागली. सलाईन संपले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. आतड्यात साखर मिठाला आत ओढून नेते आणि मिठामागे पाणी जाते, हे त्याचे मर्म. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. लेकराला जुलाब लागले तर दवाखाना गाठेपर्यंत हे घोटघोट पाजीत राहावे.

एकच कूळ

आता माणसाच्या तीस मीटरांकडे येऊ. मोरोक्को देशात जेबेल इर्हूद येथे मिळालेल्या हाडांचे वय २०१७ साली सुमारे तीन लाख वर्षे ठरले. आपल्या जातीच्या माणसाच्या जुन्यांत जुन्या खुणा त्या. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंटच्या गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसे समुद्रातले शिंपले भाजून खात होती. पुढे हजारो वर्षांनी आफ्रिकेतून जी माणसे बाहेर पडली त्यांपैकी पुष्कळशी किनाऱ्या-किनाऱ्याने हिंदुस्थानाकडे आली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. पन्नास हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी माणूस समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचला होता. म्हणजे समुद्रपर्यटनाने माणूस बाटतो असे सांगणाऱ्यांचेही पूर्वज त्या अर्थाने केव्हाच बाटले!

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. १९६० साली अलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने असे मांडले, की वानरापासून माणूस होताना मधला काही काळ आपले पूर्वज पाण्यातच राहत असावे, म्हणूनच आपल्या अंगावर केस कमी आणि कातडीखाली चरबी जास्त. कल्पना मनोरंजक आहे. पुढे एलेन मॉर्गन या बाईंनी ती पुस्तके लिहून पसरविली. पण तसे सांगणारी हाडे मिळाली नाहीत, आणि बहुतेक शास्त्रज्ञ ती मानीत नाहीत. समुद्राशी आपले नाते सिद्ध करण्यास तिची गरजही नाही.

आपल्या शेजारीच, नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी, काही लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ती आपल्यासारखा माणूस येथे येण्याच्या फार आधीची, म्हणजे दुसऱ्याच एका मानवजातीची. १९८२ साली नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना अशाच प्राचीन मानवाची कवटी मिळाली. दगडाचा कपचा काढून धार करणारा तो पहिला कारागीर. पाथरवट, लोहार, सुतार यांनी आपल्या धंद्याची कुळी तेथून मोजावी.

आणि जातींचे काय? पृथ्वीवरची कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांच्या पेशींतला मजकूर हजारात नऊशे नव्याण्णव अक्षरे जुळतो. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या अनेक जातीजमातींची तपासणी केली. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशात लोकांची सरमिसळ सर्रास होत होती, उच्च म्हणविणाऱ्यांत आणि रानावनात राहणाऱ्यांतही. जातीतल्या जातीत लग्नाचा बंदोबस्त त्यानंतर घट्ट झाला. आपल्या मापाने मोजा. साडेचारशे किलोमीटरांच्या वाटेवर ही भिंत उंबरठ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली आहे. आणि तिला सनातन म्हणतात!

आक्षेप व उत्तरे

‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्या शेजारीच, औरंगाबादेत, अशाच अर्थाचे बोलून डार्विनचा सिद्धांत शाळा-कॉलेजांतून बदलला पाहिजे असे सांगितले. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी मिळून त्याचा निषेध केला. उत्तर सोपे आहे. आजचे माकड आपला आजा नव्हे, भाऊबंद आहे. चुलतभाऊ घरात आहे म्हणून आपला आजा खोटा ठरतो काय?

‘मत्स्य, कूर्म, वराह या अवतारांत हेच सांगितले आहे.’ तसे नव्हे. तेथे एकच देव वेगवेगळी रूपे घेतो. माशाच्या वंशात पुढे चार पायांचे प्राणी झाले, असे तेथे कोठेच नाही. आणि तसे ठाऊक होते तर मुख-बाहू-पायांची गोष्ट कशाला सांगितली?

‘याने धर्म बुडेल.’ ज्याचा धर्म माणसाला माणूस मानण्यात आहे त्याचे काहीच बुडत नाही.

आता करावयाचे काय

२०२३ साली असे उघड झाले, की केंद्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला आहे. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्या करून त्याला हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात तो ठेवला आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? दहावीत शाळा सुटणारे पोर कोणाचे? ते तुमचे आमचे आहे. ज्ञान कोणत्या इयत्तेत ठेवायचे, यावरूनही ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरते. पूर्वी कानात शिसे ओतण्याची भाषा होती. आता धडा दोन इयत्ता वर सरकविला तरी काम भागते.

आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात, २०१८ साली आलेल्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. पहिला धडा म्हणजे जूनमधला. जूनमध्ये आपली पोरे गावात असतात. दिवाळीनंतरचे धडे फडात बुडतात, हा तर आपला जुना घाव आहेच. पण निदान हा धडा त्यांच्या वाट्याला येऊ शकतो. आईबापांनी शाळेत जाऊन मास्तरांना विचारावे, की हा धडा शिकविला काय. ज्यांनी अक्षर गिरविले नाही त्यांनी तर अवश्य विचारावे. तोच प्रश्न त्यांच्या तोंडून अधिक जोराने ऐकू जातो.

आणि यंदा ज्यांना पोरे मागे ठेवणे शक्य आहे, आज्या-आजोबांपाशी, नातलगांपाशी किंवा वसतिगृहात, त्यांनी ती मागेच ठेवावी. कोयत्याला हात कधीही मिळतात. शाळेचे वर्ष परत मिळत नाही. ज्या हाताची हाडे पाण्यातून चिखलात आणि चिखलातून जमिनीवर येण्यास कोट्यवधी वर्षे लागली, तो हात सातव्या वर्षी मोळ्या बांधण्यासाठी झालेला नाही.

कूळ शोधू नये असे ज्यांनी सांगितले त्यांना आपले कूळ सर्वांहून वेगळे ठेवायचे होते. शोध घेतल्यावर सर्वांचे एकच निघाले आणि ते खाऱ्या पाण्यात निघाले. एवढे ध्यानात ठेवून गाडीत बसा. इतके बोलून आम्ही तुमची रजा घेतो.